वाचकांचे प्रश्न : पांढरे जाणे, खाज आणि फोनवरचा सल्ला

पावसाळ्यात, दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत अशा दिवसांत, जांघेतली खाज आणि अंगावरून पांढरे जाणे यांविषयीची पत्रे या सदराकडे दरवर्षी जास्त येतात. या वेळी मात्र बहुतेक पत्रांत एक नवा प्रश्न आहे. हा त्रास डॉक्टरांना फोनवर किंवा व्हिडिओवर सांगून बरा होऊ शकतो का, आणि तसे करणे सुरक्षित आहे का? आपल्याकडे हे दुखणे अंगावर काढणाऱ्या स्त्रिया इतक्या आहेत, की त्यांना डॉक्टरांपर्यंत पोहोचवणारी कोणतीही वाट मला स्वागतार्ह वाटते. ती वाट कुठे संपते, हेही त्यांना ठाऊक असले पाहिजे. चार पत्रे निवडली असून ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

प्रश्न : मी २९ वर्षांची असून शाळेत शिकवते. दाढेच्या दुखण्यासाठी मला पाच दिवस अँटिबायोटिकच्या गोळ्या घ्याव्या लागल्या. त्या संपत आल्या तसे अंगावरून घट्ट पांढरे जाऊ लागले आणि खाज इतकी वाढली, की वर्गात उभे राहणे अवघड झाले. संकोचामुळे दवाखान्यात न जाता मी राजारामपुरीतल्या एका मेडिकलमधून औषध आणले. तिथे चार गोळ्यांचे एक पाकीट आणि एक क्रीम मिळाले. गोळ्या अजून घेतलेल्या नाहीत. क्रीम तीन दिवस लावल्यावर खाज थांबली आणि बंद करताच पुन्हा सुरू झाली. मैत्रीण म्हणते, की मोबाइलवरून स्त्रीरोगतज्ज्ञांचा सल्ला घे. पण आतून तपासल्याशिवाय निदान कसे होईल? आणि व्हिडिओवर काही दाखवावे लागेल का, या विचारानेच मी थांबले आहे.

उत्तर : तुमच्या शेवटच्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण तीच तुम्हाला अडवून धरत आहे. व्हिडिओवर तुम्हाला शरीराचा कोणताही भाग दाखवावा लागत नाही. योनिमार्गातील संसर्ग कॅमेऱ्यातून ओळखता येत नाही, त्यामुळे तशी मागणी करण्याला वैद्यकीय कारणही नसते. कोणी तशी मागणी केली, किंवा छायाचित्र पाठवण्याचा आग्रह धरला, तर तिथेच फोन बंद करावा. दूरस्थ सल्ला कोणत्याही क्षणी थांबवण्याचा अधिकार रुग्णाला आहे. ज्या त्रासात खरोखरच पाहण्याची गरज असते, उदाहरणार्थ फोड, जखम, गाठ किंवा त्वचेवरचे पांढरे चट्टे, त्यासाठी प्रत्यक्ष भेटच योग्य असते.

मग निदान कशावरून करायचे? मुख्यतः प्रश्नांवरून. अंगावरून जाणाऱ्या स्रावाची सर्वसाधारणपणे तीन कारणे आढळतात आणि त्या तिघांची बोलण्याची तऱ्हा वेगळी असते. बुरशीच्या म्हणजे कँडिडाच्या संसर्गात स्राव घट्ट, दह्याच्या कवडीसारखा असतो, खाज आणि आग फार असते, लघवी करताना बाहेरून चुरचुरते, पण वास सहसा नसतो. बॅक्टेरियल व्हजायनोसिसमध्ये योनीतील उपयुक्त लॅक्टोबॅसिलस जिवाणू कमी होऊन इतर जिवाणू माजतात. तेव्हा स्राव पातळ, राखाडीसर पांढरा असतो, खाज कमी असते आणि मासळीसारखा वास येतो, तोही विशेषतः शरीरसंबंधानंतर. तिसरे कारण ट्रायकोमोनास या परजीवीचे. त्यात स्राव पिवळसर-हिरवट, कधी फेसाळ असतो, आणि हा संसर्ग शरीरसंबंधातून पसरत असल्याने पतीलाही उपचार द्यावे लागतात. याखेरीज पाळीच्या मध्यावर अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा ताणला जाणारा जो स्राव येतो, तो आजार नव्हे. त्यासाठी वर्षानुवर्षे 'धुपणी'ची औषधे घेणाऱ्या स्त्रिया मी पाहिल्या आहेत, त्यांना खरे तर फक्त धीराच्या दोन शब्दांची गरज होती.

ही लक्षणे पुष्कळदा एकमेकांत मिसळतात, आणि म्हणूनच स्वतःचे निदान स्वतः करणे फसवे ठरते. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, आपल्याला बुरशीचाच संसर्ग आहे असे समजून दुकानातून औषध विकत घेणाऱ्या स्त्रियांची तपासणी केली, तेव्हा त्यांच्यापैकी साधारण एक तृतीयांश स्त्रियांनाच तो संसर्ग निघाला. त्यामुळे फोनवरचे डॉक्टर तुम्हाला किती आणि कोणते प्रश्न विचारतात, यावर त्या सल्ल्याचे मोल ठरते. त्रास कधीपासून आहे, पूर्वी असे झाले होते का, पाळी कधी आली होती, दिवस गेले असण्याची शक्यता आहे का, मधुमेह आहे का, अलीकडे कोणती औषधे घेतली, तांबी बसवली आहे का, ओटीपोटात दुखते का, ताप येतो का, संबंधानंतर रक्त जाते का, हे सारे विचारले गेले पाहिजे. एकही प्रश्न न विचारता दोन मिनिटांत मोबाइलवर चिठ्ठी आली, तर ती चिठ्ठी आणि मेडिकलच्या काउंटरवरून मिळालेले पाकीट यांत फारसा फरक नाही.

तुमच्या पत्रात अँटिबायोटिकनंतर सुरू झालेला त्रास, घट्ट पांढरा स्राव आणि तीव्र खाज या तिन्ही गोष्टी बुरशीच्या संसर्गाकडे बोट दाखवतात. अँटिबायोटिकने दाढेचे जंतू मरतात तसे योनीतले लॅक्टोबॅसिलसही कमी होतात आणि एरवी दबून राहिलेल्या बुरशीला मोकळे रान मिळते. तुमच्या वयाच्या, इतर कोणताही आजार नसलेल्या आणि दिवस गेलेले नसलेल्या स्त्रीचा असा पहिलाच किंवा क्वचित होणारा त्रास हा दूरस्थ सल्ल्याने हाताळण्यास अगदी योग्य असतो. उपचारही साधा आहे. क्लोट्रिमॅझोलची योनीत ठेवायची गोळी, किंवा फ्लुकोनॅझोलची १५० मिलिग्रॅमची तोंडाने घ्यायची एकच गोळी, यांपैकी एक पर्याय डॉक्टर निवडतात. योनीत ठेवायची गोळी रात्री झोपताना ठेवावी, म्हणजे ती बाहेर येत नाही. या गोळीतील तेलकट घटकांमुळे निरोध कमकुवत होतो, हेही लक्षात ठेवावे.

आता त्या पाकिटाविषयी. तीन औषधांच्या चार गोळ्यांची अशी पाकिटे आपल्याकडे सर्रास विकली जातात. त्यांत बहुधा फ्लुकोनॅझोलची एक, अझिथ्रोमायसिनची एक आणि सेक्निडॅझोलच्या दोन गोळ्या असतात. निदान करण्याचा त्रास नको म्हणून सगळ्याच शक्यतांवर एकदम औषध द्यायचे, असा त्यामागचा हिशेब आहे. ज्या अँटिबायोटिकमुळे तुमचा त्रास सुरू झाला, त्याच जातीचे आणखी एक औषध पोटात घालण्याचे तुम्हाला काहीच कारण नाही. ते पाकीट घेऊ नका.

क्रीमची मला अधिक काळजी वाटते. लावल्यावर तीन दिवसांत खाज थांबावी आणि बंद करताच उसळावी, ही स्टेरॉइड मिसळलेल्या क्रीमची ओळख आहे. ट्यूबवरच्या बारीक अक्षरांत क्लोबेटासॉल, बीटामेथासोन किंवा बेक्लोमेथासोन असे शब्द आहेत का, ते पाहा. स्टेरॉइड खाज दाबते पण बुरशीला बळ देते, आणि त्या नाजूक जागेची त्वचा महिनोन्‌महिने वापराने पातळ होते. माझ्याकडे व्हिडिओवर येणाऱ्या रुग्णांना मी आग्रहाने सांगतो, की आतापर्यंत वापरलेली प्रत्येक ट्यूब आणि गोळ्यांची पट्टी कॅमेऱ्यासमोर धरा. एका बाईंनी स्वयंपाकघरातल्या डब्यामागे लपवलेल्या, शेपटीपर्यंत पिळलेल्या चार ट्यूब एकेक करून माझ्यासमोर धरल्या, तेव्हा आठ महिने न उलगडलेले कोडे पाच मिनिटांत सुटले. व्हिडिओचा खरा उपयोग असा होतो.

डॉक्टर निवडताना एवढे पाहा. दूरस्थ वैद्यकीय सल्ल्याविषयीची मार्गदर्शक तत्त्वे आपल्या देशात २५ मार्च २०२० रोजी लागू झाली. त्यांनुसार डॉक्टरांनी आपले नाव, पात्रता आणि वैद्यकीय परिषदेचा नोंदणी क्रमांक सांगणे, तो चिठ्ठीवर लिहिणे आणि सल्ल्याची नोंद ठेवणे बंधनकारक आहे. चिठ्ठीविना मिळणाऱ्या साध्या औषधांच्या पलीकडचे काही पहिल्याच वेळी लिहून द्यायचे असेल, तर तो सल्ला व्हिडिओवर झाला पाहिजे. अल्पवयीन मुलीसोबत मोठे माणूस असावे लागते. उपचारानंतर आराम दोन-तीन दिवसांत जाणवू लागतो, आणि आठवड्याभरात त्रास पूर्ण गेला नाही, किंवा दोन महिन्यांच्या आत परत आला, तर पुन्हा फोन न करता प्रत्यक्ष तपासणी करून घ्या. स्रावाचा एक थेंब काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे आणि त्याची आम्लता मोजणे, ही दोन कामे फोनवर होत नाहीत.

प्रश्न : आम्ही भुदरगड तालुक्यात राहतो. मला वर्षभरापासून अंगावरून पातळ पांढरे जाते आणि वास येतो. कोल्हापूरला यायचे म्हणजे सगळा दिवस मोडतो आणि कशाला चाललीस म्हणून घरात दहा प्रश्न होतात. घरात मोबाइल एकच आहे आणि तो मालकांकडे असतो. सकाळी डेअरीला दूध घालून आल्यावर तासभर तो माझ्याकडे येतो. मी सासूबाईंच्या सांगण्यावरून तुरटीच्या पाण्याने आतून धुते, पण वास वाढतच आहे. फोनवर इलाज होईल का? खर्च किती येईल?

उत्तर : ताई, सर्वांत आधी तुरटीने धुणे आजपासून थांबवा. योनीतले पाणी आम्ल असते, त्याचा पीएच साधारण ३.८ ते ४.५ इतका असतो आणि तीच तिची स्वतःची राखण आहे. तुरटी, साबण, डेटॉल किंवा सुगंधी द्रव आत गेले, की ती राखण मोडते आणि वास आणणारे जिवाणू अधिकच वाढतात. सासूबाईंनी काळजीपोटीच सांगितले असणार, त्यांनाही हे समजावून सांगा. बाहेरून साध्या पाण्याने धुणे पुरेसे आहे, आतून काहीही करू नये. तुमच्या लक्षणांवरून हा बॅक्टेरियल व्हजायनोसिसचा प्रकार वाटतो. त्यावर मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या सात दिवस घ्याव्या लागतात. चार दिवसांत वास गेला म्हणून त्या अर्ध्यावर सोडू नयेत. तोंडाला धातूसारखी चव येते, त्याला घाबरू नये.

खर्चाची चिंता करू नका. केंद्र सरकारची ई-संजीवनी ही सेवा मोफत आहे. एप्रिल २०२० पासून तिथे रुग्णाला घरबसल्या डॉक्टरांशी बोलता येते. मोबाइल क्रमांक टाकल्यावर एक सांकेतिक क्रमांक येतो, तो भरून नोंदणी केली की टोकन मिळते, आपला नंबर आला की व्हिडिओ सुरू होतो आणि शेवटी चिठ्ठी मोबाइलवरच येते. मात्र ती चिठ्ठी आणि संदेश मालकांच्या मोबाइलमध्ये राहतील, हे तुम्हाला नको असेल तर दुसरा मार्ग अधिक चांगला आहे. तुमच्या गावच्या किंवा शेजारच्या उपकेंद्रात, ज्याला आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात, तिथले समुदाय आरोग्य अधिकारी त्यांच्या यंत्रावरून ई-संजीवनीमार्फत डॉक्टरांशी बोलणे घडवून आणतात. तिथे तुमचा मोबाइल लागत नाही. बोलताना खोलीत दुसरे कोणी नको, असे तुम्ही स्पष्टपणे म्हणू शकता. आशाताईंशी तुमचा विश्वासाचा धागा असेल तर त्यांना सोबत घ्या.

तुमच्या बाबतीत फोन हे फक्त पहिले पाऊल आहे, हे मात्र मी आवर्जून सांगतो. वर्षभराचा त्रास असल्याने एकदा आतून तपासणी आणि गर्भाशयमुखाची पाहणी झालीच पाहिजे. त्यासाठी गारगोटीच्या शासकीय रुग्णालयात किंवा कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयाच्या स्त्रीरोग विभागात जाता येईल. जननमार्गाच्या संसर्गासाठी शासकीय रुग्णालयांतून 'सुरक्षा क्लिनिक' चालतात. तिथे तपासणी, समुपदेशन आणि औषधे मोफत मिळतात. आणि मालकांना हे सांगण्याचा विचार जरूर करा. हा आजार अस्वच्छतेचा किंवा चारित्र्याचा नाही, शरीरातल्या जिवाणूंचा तोल बिघडल्याचा आहे.

प्रश्न : माझी आई ५४ वर्षांची आहे, इचलकरंजीत राहते आणि तिला दहा वर्षांपासून मधुमेह आहे. पाळी बंद होऊन चार वर्षे झाली. गेल्या वर्षभरात तिला चार वेळा खाज आणि पांढरे जाण्याचा त्रास झाला. मी पुण्याहून तिच्यासाठी प्रत्येक वेळी ऑनलाइन सल्ला घेतला. डॉक्टर दर वेळी निराळे होते, पण गोळी तीच, फ्लुकोनॅझोलची. आठ-दहा दिवस बरे वाटते आणि महिना-दोन महिन्यांत पुन्हा तेच. कुठे चुकते आहे?

उत्तर : तुमच्या पत्रातच उत्तर दडलेले आहे. दर वेळी डॉक्टर निराळे होते, त्यामुळे प्रत्येकाने तो त्रास पहिलाच समजून औषध दिले आणि चार वेळा झाल्याचे कोणाच्याच लक्षात आले नाही. वर्षात तीन किंवा अधिक वेळा बुरशीचा संसर्ग झाला, तर त्याला पुन्हापुन्हा होणारा संसर्ग मानतात आणि त्याचे कारण शोधावे लागते. हे काम एकाच डॉक्टरांनी, सगळा इतिहास समोर ठेवून आणि प्रत्यक्ष तपासून करायचे असते.

पहिले काम आज रात्रीच करा. आईला तिच्या मधुमेहाच्या गोळ्यांच्या पट्ट्या व्हिडिओवर दाखवायला सांगा आणि एखाद्या औषधाच्या नावाचा शेवट 'ग्लिफ्लोझिन' असा होतो का, ते पाहा. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन, कॅनाग्लिफ्लोझिन, रेमोग्लिफ्लोझिन ही त्या गटातली नावे. ही औषधे रक्तातली जादा साखर मूत्रपिंडांद्वारे लघवीवाटे बाहेर टाकतात. त्यांनी हृदयाला आणि मूत्रपिंडांना संरक्षण मिळते, म्हणून ती मोलाची आहेत. परंतु साखर मिसळलेली लघवी दिवसातून अनेकदा त्या भागावरून जाते आणि बुरशीला आयते खाद्य मिळते. योनीतील बुरशीचा संसर्ग हा या गटाचा चांगलाच परिचित दुष्परिणाम आहे. डापाग्लिफ्लोझिनचे स्वस्त पर्याय २०२० च्या अखेरीपासून आपल्याकडे मिळू लागल्यावर ते घरोघरी पोहोचले, पण लघवीनंतर पाण्याने धुऊन कोरडे पुसावे, एवढी साधी सूचना चिठ्ठीसोबत पोहोचली नाही. रुग्ण खाजेसाठी एका डॉक्टरांकडे जाते, साखरेसाठी दुसऱ्यांकडे, आणि दोन्ही चिठ्ठ्या एका टेबलावर कधीच येत नाहीत. गोळी परस्पर बंद मात्र करू नका. बदलायची की सुरू ठेवायची, हे मधुमेहाचे डॉक्टर ठरवतील.

दुसरी गोष्टही त्याच पट्ट्यांत सापडू शकते. आई ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेत असेल, तर फ्लुकोनॅझोलमुळे तिचा परिणाम वाढून साखर एकदम खाली जाऊ शकते. घाम सुटणे, हात थरथरणे, गळून जाणे असे तिला त्या दिवसांत झाले होते का, हे विचारा. रक्त पातळ करणारी वॉरफरिन चालू असेल तर तिच्याशीही फ्लुकोनॅझोलचे पटत नाही. तुम्ही मुलगी म्हणून प्रेमाने ऑनलाइन अर्ज भरलात, पण औषधांच्या रकान्यात काय भरले गेले, ते आठवून पाहा. तो रकाना रिकामा असेल तर डॉक्टरांना हे कळण्याचा मार्गच नव्हता.

तिसरी शक्यता अशी, की ही बुरशी नेहमीची अल्बिकान्स जातीची नसेल. मधुमेही स्त्रियांमध्ये ग्लाब्राटा ही जात तुलनेने अधिक आढळते आणि ती फ्लुकोनॅझोलला नीट दाद देत नाही. त्यासाठी स्रावाचा नमुना कल्चर तपासणीला पाठवावा लागतो. अल्बिकान्सच निघाली, तर दर तीन दिवसांनी एक अशा तीन गोळ्या आणि त्यानंतर सहा महिने आठवड्याला एक गोळी, असा लांब उपचार असतो, पण तो देखरेखीखालीच घ्यायचा. आणि चौथी शक्यता, ती खाज संसर्गाची नसेलही. पाळी थांबल्यावर इस्ट्रोजेन कमी झाल्याने योनीची त्वचा पातळ आणि कोरडी होते, आग होते, खाज सुटते. त्यावर बुरशीचे औषध चालत नाही, तिथे लावायचे इस्ट्रोजेन क्रीम लागते.

त्यामुळे आईला प्रत्यक्ष दाखवा, सोबत तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा एचबीए१सी अहवाल, सगळ्या पट्ट्या आणि मोबाइलमधल्या चारही जुन्या चिठ्ठ्या न्या. पुढचा पाठपुरावा त्याच डॉक्टरांशी व्हिडिओवर करायला हरकत नाही, पुण्याहून तुम्हीही त्यात सामील व्हा. दरम्यान तिला ताप आला, त्या भागाला सूज येऊन सहन न होणारे दुखू लागले, किंवा पाळी बंद झाल्यानंतर थोडेसुद्धा रक्त गेले, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

प्रश्न : मला पाचवा महिना चालू आहे. पुन्हा घट्ट पांढरे जाऊन खाज येते. गेल्या वर्षी हाच त्रास झाला तेव्हा ऑनलाइन डॉक्टरांनी एक गोळी दिली होती आणि ती चिठ्ठी मोबाइलमध्ये आहे. तीच आणून घेऊ का? (शाहूपुरी)

उत्तर : नाही. ती गोळी फ्लुकोनॅझोलची असणार आणि गरोदरपणात ती टाळतात. गरोदरपणात संप्रेरकांमुळे बुरशीचा संसर्ग सहज होतो. त्यावर सात दिवस क्लोट्रिमॅझोलची गोळी योनीत ठेवण्याचा उपचार दिला जातो, पण तो तुमची प्रसूती ज्यांच्याकडे होणार आहे त्या डॉक्टरांनी ठरवावा. गोळीसोबत मिळणारी नळी या दिवसांत वापरायची की नाही, हेही त्यांनाच विचारा. स्राव घट्ट न राहता पाण्यासारखा पातळ वाहू लागला, किंवा त्यात रक्त दिसले, किंवा पोट आवळून येऊ लागले, तर फोन करत बसू नका, सरळ रुग्णालयात जा. आणि मोबाइलमधल्या त्या जुन्या चिठ्ठीवर गेल्या वर्षीची तारीख आहे. पुढच्या भेटीत ती डॉक्टरांना दाखवा, मेडिकलमध्ये दाखवू नका.